गोमंतकातून निघालेली नावे
आपल्या आडनावांच्या लेखनभेदाचा इतिहास

आपल्या मंडळाच्या सभासद-कुटुंबांची नोंदवही चाळीत असता एक गोष्ट कोणाच्याही नजरेत भरावी. ही नोंदवही इंग्रजी वर्णक्रमाने लावलेली आहे. त्यामुळे ज्यांचे मूळ गाव एक, कुलदेवता एक, इतकेच नव्हे तर ज्यांचा चौथ्या-पाचव्या पिढीचा पूर्वजही एक, अशी घरे वहीच्या चार टोकांना विखुरली आहेत. कोणी 'के' या अक्षराखाली आहे, कोणी 'सी'खाली, कोणी 'क्यू'खाली, तर कोणी 'एस'खाली. भावाभावांची ही ताटातूट कोणत्या भांडणाने झालेली नाही. ती लेखणीने झाली आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही कवळ्यास श्री शांतादुर्गेच्या दर्शनास गेलो होतो. अग्रशाळेत आमच्या शेजारच्या खोल्यांत दोन कुटुंबे उतरली होती. एक मुंबईचे, गावाच्या नावाला 'कर' लागलेल्या आडनावाचे. दुसरे कोचीचे, शेणॉय आडनावाचे. दोन दिवस दोन्ही घरची मंडळी एका पंक्तीस जेवली, पण परस्परांशी इंग्रजीतून चार शब्द बोलण्यापलीकडे परिचय गेला नाही. तिसऱ्या दिवशी वृद्ध पुरोहितांनी सहज दोघांच्या पूर्वजांचे गाव आणि वांगड विचारले, आणि दोन्ही घरे एकाच वांगडाची निघाली. कोचीच्या आजीबाईंनी डोळ्यांस पदर लावला. "इतकी वर्षे आम्हांला वाटे, तिकडे आमचे कोणी उरलेच नाही," असे त्या कोकणीत म्हणाल्या. प्रस्तुत लेखाची प्रेरणा हीच. एका कुळाची नावे इतकी भिन्न कशी झाली, याचा उलगडा आमच्या अल्पमतीप्रमाणे येथे मांडीत आहोत.

स्थलांतराची कारणे आपल्या घरोघर सांगितली जातात, तरी तिथ्यांची उजळणी करणे इष्ट. इ. स. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवे बेट जिंकले. पुढे साष्टी आणि बारदेश हे महालही त्यांच्या हाती गेले. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायासन, म्हणजेच इन्क्विझिशन, स्थापन झाले. ते १८१२ मध्ये कायमचे बंद होईपर्यंत अडीचशे वर्षे त्याची छाया प्रजेवर राहिली. १५६७ मध्ये साष्टीतील मंदिरांचा विध्वंस झाला. त्या सुमाराच्या वर्षांत देवांनीही स्थलांतर केले. श्री मंगेश कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, प्रियोळास आले. श्री शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास, श्री महालसा वेर्ण्याहून म्हार्दोळास, श्री रामनाथ लोटलीहून बांदोड्यास आणि श्री कामाक्षी रायहून शिरोड्यास आली. फोंडा महाल तेव्हा विजापूरकरांकडे होता, म्हणून देवांस तेथे आश्रय मिळाला. १६८४ मध्ये तर प्रजेने कोकणी सोडून पोर्तुगीज भाषा स्वीकारावी असा हुकूम निघाला. देवांमागे भक्त गेले. कोणी नदी ओलांडून फोंड्यास थांबले. कोणी उत्तरेस सावंतवाडी, मालवण, राजापूर आणि पुढे मुंबईपर्यंत गेले. कोणी तारवांतून दक्षिणेस होनावर, भटकळ, मंगळूर व कोची येथे उतरले.

या मंडळींच्या नावांचे पुढे काय झाले हे कळण्यासाठी गोव्यातील जुने पूर्ण नाव कसे असे ते प्रथम पाहावे लागते. त्यात व्यक्तीच्या नावापुढे बहुधा दोन पदे असत. पहिले पद मानाचे अथवा हुद्द्याचे: शेणै, कामत, पै, प्रभू, नायक, भट इत्यादी. दुसरे पद गावाचे: बोरीचा तो बोरकर, उसगावचा तो उसगावकर, कुंकळ्ळीचा तो कुंकळ्येकर. गोव्यातील जुन्या कागदांत 'शेणै बोरकर', 'शेणै उसगावकर', 'पै रायतूरकर' अशी जोडनावे आढळतात, आणि कित्येक घरांत ती आजही चालू आहेत. आमच्या मते आपल्या आडनावांच्या इतिहासाची किल्ली या जोडनावात आहे. उत्तरेस जे गेले त्यांनी बहुधा जोडनावाचा उत्तरार्ध बरोबर नेला, आणि दक्षिणेस जे गेले त्यांनी पूर्वार्ध नेला.

असे का झाले? महाराष्ट्रात गावावरून आडनाव घेण्याची चाल जुनी व रूढ. शिवाय मुंबईत आणि देशावर 'शेणवी' हा शब्द एका घराचे नाव न राहता साऱ्या ज्ञातीचाच वाचक झाला. ज्या शब्दाने सर्वांचाच बोध होतो, त्याने एका घराची ओळख पटत नाही. म्हणून मुंबईकर मंडळींनी तो शब्द गाळला आणि 'कर' धरून ठेवला. मराठी राज्याच्या कागदपत्रांत मात्र दोन्ही प्रकार दिसतात. शिंद्यांच्या दरबारातील रामचंद्रबाबा सुखटणकर हे 'रामचंद्रबाबा शेणवी' या नावानेही इतिहासात ओळखले जातात. कोचऱ्याचे नारोराम रेगे शाहू छत्रपतींचे मंत्री झाले आणि 'नारोराम मंत्री' या नावानेच प्रसिद्ध झाले. कवळ्याचे आजचे देवालय त्यांच्याच खटपटीने १७३८ च्या सुमारास उभे राहिले. येथे तर हुद्दाच नावाच्या जागी बसला!

दक्षिणेकडे नेमके उलट घडले. कोचीच्या किंवा मंगळूरच्या शेजाऱ्यास बोरी कोठे नि उसगाव कोठे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तेथे शेणै, पै, कामत, प्रभू, नायक ही पदेच पुरेशी वेगळी वाटली आणि तीच आडनावे झाली. मागे सोडलेल्या गावाचे नाव गळले. त्याची जागा नव्याने वसविलेल्या गावाने घेतली, पण तीही नावाच्या शेवटी नव्हे, आरंभी. कानडी मुलखातील रीतीप्रमाणे गाव आधी, मग स्वतःचे नाव, मग पद. कानरा बँकेचे संस्थापक अम्मेंबळ सुब्बराव पै (१८५२–१९०९) यांच्या नावातील अम्मेंबळ हे गाव होय. मणिपाळच्या विद्यानगरीचे शिल्पकार तोन्से माधव अनंत पै (१८९८–१९७९) यांचे तोन्से हेही गावच. कन्नड महाकवी गोविंद पै (१८८३–१९६३) यांच्या नावाआधीचे 'एम्' हे अक्षर म्हणजे मंजेश्वर. मुंबईकर वाचक गाव शोधावयास नावाच्या शेवटी पाहतो आणि तेथे 'कर' न दिसल्यामुळे निराश होतो. पण गाव तेथेच, आरंभीच्या एका आद्याक्षरात लपलेले असते.

चित्रापूर सारस्वतांत तर गावाचे नावच 'कर' न लागता आडनाव होऊन बसलेले पुष्कळदा दिसते. कार्नाड, बेनेगल, पडुकोणे, बिजूर, हट्टंगडी ही अशी नावे. आणि तरीही त्याच समाजात होनावरला जन्मलेले न्यायमूर्ती सर नारायण गणेश चंदावरकर (१८५५–१९२३) 'कर' मिरवितात. त्यांचे चंदावर हे गाव कुमठ्याजवळचे. यावरून दिसून येईल की, एका नियमात सारे बसविण्याचा हट्ट या विषयात धरता येत नाही.

हा झाला नावाच्या अंगांचा भेद. आता अक्षरांचा भेद पाहू. नाव सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा, अशी स्थिती आली की नावात फरक पडतोच. पोर्तुगीज लेखकाच्या कानावर गोव्यातील नावे कोकणी तोंडातून पडत. कोकणीतील 'अ'चा उच्चार ओठ गोल करून, काहीसा 'ओ'कडे झुकलेला होतो, म्हणून त्याने तेथे 'ओ' हे अक्षर लिहिले. त्यामुळे पै यांचे 'पोय', प्रभू यांचे 'पोरोबो', पुंडलिकाचे 'पुंडोलिका' आणि वैकुंठाचे 'वोयकुंता' झाले. 'श' या वर्णासाठी पोर्तुगीज लेखनात 'एक्स' हे अक्षर येते. त्यामुळे शंकराच्या नावाचा आरंभ 'एक्स'ने होऊ लागला. 'के' हे अक्षर त्या लेखनास परके. तेव्हा 'क' वर्णासाठी कामतांच्या वाट्यास 'सी' आले, आणि केण्यांच्या वाट्यास 'क्यू' व 'यू' ही जोडी आली. शब्दाच्या अंती अनुनासिक स्वर ऐकू आला की लेखक शेवटी 'एम्' जोडी. येणेप्रमाणे कामतांचे 'कामोतीम' व केणी यांचे 'केनीम' असे लेखन सिद्ध झाले. शेणै यांच्या नावाचे लेखन 'सिनाय' असे झाले. कोकणीतील एकवचनी ओकार कायम राहिल्यामुळे, मराठीत आदरार्थी बहुवचनाने आपण ज्यांस धेंपे म्हणतो ते रोमन लिपीत 'देंपो' झाले.

हे लेखन अज्ञानाचे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या भाषेच्या नियमांप्रमाणे त्या लेखकाने ऐकले ते बरेचसे इमानाने लिहिले. किंबहुना जुना कोकणी उच्चार कसा असे याची साक्ष आज या लेखनातूनच मिळते. अडचण उत्पन्न झाली ती पुढे. पोर्तुगीज नियम ठाऊक नसलेल्या वाचकाने ती अक्षरे इंग्रजी नियमांनी वाचली, आणि केणी यांचे 'क्वेनिम' व शेणै यांचे 'सिनाई' झाले.

या प्रकाराचे एक सुंदर उदाहरण कोचीस मिळते. डच अधिकारी हेंड्रिक फान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्याच्या कामी कोचीच्या तीन कोकणी वैद्यांचे साह्य झाले. रंगभट, विनायक पंडित व आपुभट हे ते तिघे. त्यांनी १६७५ मध्ये आपले निवेदन नागरी लिपीत लिहून दिले आणि ते पहिल्या खंडात छापले आहे. त्यांच्या हातच्या नागरीत जे 'भट' आहेत, तेच त्या ग्रंथाच्या लॅटिनमध्ये 'बोट्टो' झाले आहेत. गोव्यापासून इतक्या दूरच्या बंदरातही 'अ'चा 'ओ' झालाच! एकाच ग्रंथात एकाच माणसाची दोन नावे. त्यांतील खरे कोणते, असे कोणी विचारल्यास आम्ही म्हणू, दोन्ही खरी. एक त्यांचे स्वहस्ते लिहिलेले, दुसरे परक्याने ऐकलेले.

इंग्रजी अमदानीत दुसरा फेरा आला. मद्रास इलाख्यात दंत्य 'त' दाखविण्यासाठी 'टी'पुढे 'एच्' जोडण्याची पद्धत होती, कारण नुसते 'टी' हे अक्षर 'ट'साठी राखलेले. मुंबई इलाख्यात तसे नव्हते. मंगळूरच्या कामतांच्या नावाअखेर 'एच्' आले आणि मुंबईच्या कामतांच्या नावाअखेर आले नाही, याचे कारण इतकेच. यात उच्चनीच काही नाही, शाखाभेद नाही, मठभेदही नाही. इलाख्याच्या सीमेने हा भेद पाडला. नायक मंडळींचेही असेच. पोर्तुगीज कागदात शेवटी 'क्यू-यू-ई', मुंबईत नाईक, मंगळुरात नायक. पण मूळ शब्द एकच.

कित्येकदा तर एका घरातही एक लेखन राहिले नाही. भारतीय संविधानाच्या निर्मितीच्या वेळी घटनासमितीचे सल्लागार असलेले सर बेनेगल नरसिंग राव (१८८७–१९५३) आणि रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झालेले सर बेनेगल रामा राव (१८८९–१९६९) हे दोघे सख्खे बंधू आपल्या नावातील 'राव'च्या शेवटी 'यू' हे अक्षर लिहीत. त्यांचेच तिसरे बंधू, पत्रकार व संसदपटू बेनेगल शिवा राव (१८९१–१९७५), 'ओ' लिहीत. एका मातेच्या पोटी जन्मलेल्या तिघा नामवंतांचे लेखन जर एक नव्हते, तर चार समुद्रांवर पांगलेल्या आपल्या कुळांचे एक असावे, ही अपेक्षा कशी करावी?

याहून विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, लेखन बदलले की कालांतराने उच्चारही बदलतो. पडुकोणे या गावच्या मंडळींचे नाव रोमन लिपीत गेले. त्याच्या अखेरचे 'ई' हे अक्षर इंग्रजी पद्धतीने मुके समजले गेले, आणि मराठी वृत्तपत्रांत ते 'पदुकोण' होऊन परतले. कुंकळ्येकरांच्या नावात १९६१ नंतर 'सी'च्या जागी 'के' आले, पण मधली अक्षरे पोर्तुगीज वळणाचीच राहिली. तेव्हा आजचे त्यांचे रोमन लेखन निम्मे लिस्बनचे व निम्मे लंडनचे आहे, असे विनोदाने म्हणता येईल. बाहेरगावी वाढलेली आपली मुले आपले आडनाव शाळेच्या दाखल्यावरून शिकतात, आजीच्या तोंडून नव्हे. त्यामुळे हा फेरा पुढेही चालूच राहणार.

ज्यांनी त्या कठीण काळात ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांच्या नावात तर समूळ पालट झाला. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे किंवा पाद्रीचे पोर्तुगीज आडनाव त्यांस मिळाले. तथापि गोव्यात व मंगळुरात अशी ख्रिस्ती घरे आहेत की, ज्यांस आपले जुने प्रभू, कामत, शेणै किंवा नायक हे पद आजही स्मरते. गावही त्यांचे आपलेच. इतिहास लिहिताना त्यांस वगळणे म्हणजे आपल्याच वंशवृक्षाची फांदी तोडणे होय.

आता एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. आडनाव सारखे म्हणून कुळ एक, असे मानू नये. नायक, प्रभू, कामत, गावकर ही मुळात हुद्द्याची व मानाची पदे आहेत आणि ती अनेक ज्ञातींत चालतात. त्यांवर कोणा एका ज्ञातीचा मालकीहक्क नाही. 'शेणवी' हा शब्द शहाण्णव या अर्थाच्या 'षण्णवति'पासून, म्हणजे साष्टीची सहासष्ट व तिसवाडीची तीस गावे मिळून झाला, ही व्युत्पत्ती परंपरेने सांगितली जाते. ती मनोहर आहे, पण परंपरा म्हणूनच सांगावी, सिद्धांत म्हणून नव्हे. केणी व किणी ही एकाच नावाची दोन रूपे, असे पुष्कळांस वाटते. तेही केवळ उच्चारसाम्यावरून ठरवू नये. उलटपक्षी, नावात एकही अक्षर समान नाही म्हणून दोन घरे परकी, असेही समजू नये. मुंबईचे बोरकर व कोचीचे शेणॉय यांच्या नावांत काय समान आहे? आणि तरीही 'शेणै बोरकर' या जोडनावाचे ते दोन अर्ध असू शकतील. निर्णय करावयाचा तर गाव, कुलदेवता, गोत्र आणि वांगड ही चार प्रमाणे एकत्र पाहावी. आडनाव हे पाचवे प्रमाण, आणि तेही सर्वांत दुबळे.

हा विषय केवळ जिज्ञासेचा आहे असे कोणी म्हणेल, तर ते खरे नव्हे. आमच्या परिचयाच्या एका केणी कुटुंबात थोरल्या भावाचा जन्म गोव्यातील पोर्तुगीज नोंदवहीत 'क्यू'ने लिहिला गेला, आणि धाकट्याचे शिक्षण मुंबईस होऊन त्याचे नाव 'के'ने पडले. वडिलार्जित घराच्या वाटणीच्या वेळी हे दोघे सख्खे भाऊ आहेत हे एका कचेरीस पटवून देण्यात दोन वर्षे गेली. थोरल्याने दाखल्याचा अंत पाहिला नाही. देवस्थानांच्या महाजनांच्या नामावल्या पोर्तुगीज अमदानीत रोमन लिपीतच तयार झाल्या. आपल्या पणजोबांचे नाव त्या यादीत कोणत्या अक्षराखाली शोधावे हेच नातवास ठाऊक नसेल, तर त्याचा परंपरागत हक्क कागदावर असूनही त्यास सापडत नाही. आता आपली मुले पारपत्रे घेऊन इंग्लंड-अमेरिकेस स्थायिक होत आहेत. कित्येक घरे लिस्बन येथील नोंदींचा शोध घेत आहेत. तेथे एका अक्षराच्या फरकाने काम अडते. नाव कायदेशीररीत्या बदलावयाचे असल्यास गोव्यात १९९० चा नाव व आडनाव बदलासंबंधीचा कायदा आहे. परंतु बदलण्यापूर्वी जुने रूप कोठेतरी लिहून ठेवले नाही, तर मागचा दुवा कायमचा तुटतो.

कै. वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर (१८७७–१९४६), ज्यांस कोकणी जग शणै गोंयबाब या नावाने ओळखते, त्यांनी गोव्याबाहेरील गोमंतकीयांच्या वसाहतींचा इतिहास मोठ्या परिश्रमाने लिहिला. त्यांच्या स्वतःच्या नावात 'वालावलीकर' हे गाव होते, आणि लेखनासाठी त्यांनी घेतलेल्या नावात 'शणै' हे जुने पद होते. जोडनावाची दोन अर्धे अशा प्रकारे एका माणसाच्या ठायी पुन्हा एकत्र आली. त्यांचे कार्य पुढे नेण्याइतकी विद्वत्ता आमच्यापाशी नाही. परंतु प्रत्येक कुटुंबास करता येईल अशी एक छोटी सेवा सुचवावीशी वाटते.

सभासद-बंधुभगिनींनी आपल्या घरातील ज्येष्ठांकडे बसून पुढील माहिती एका पानावर लिहून काढावी आणि मंडळाकडे पाठवावी. आडनावाचा घरात होणारा मूळ उच्चार देवनागरीत लिहावा. जुन्या दस्तऐवजांत, दाखल्यांत व देवस्थानाच्या पावत्यांत त्या नावाची जी जी रोमन रूपे आढळतील, ती सर्व सालासह नोंदवावी. शेणै, पै, कामत इत्यादी पद कोणते होते आणि ते केव्हा गळले, हे ठाऊक असल्यास सांगावे. सोडलेले गाव व नंतर वसविलेले गाव, गोत्र, कुलदेवता आणि वांगड यांचाही उल्लेख करावा. माहेरची माहिती सुवासिनींनी अवश्य द्यावी, कारण पुष्कळ घरांत जुनी नावे त्यांच्याच स्मरणात उरली आहेत. आपले लेखन कोणी बदलावे असा आमचा मुळीच आग्रह नाही. 'एच्' लिहिणाऱ्यांनी 'एच्' लिहावे, 'सी' लिहिणाऱ्यांनी 'सी' लिहावे. सर्व रूपे एका पानावर यावीत, एवढीच विनंती.

असे पाचशे पानांचे बाड जरी तयार झाले, तरी पुढच्या पिढीतील एखादा मुलगा किंवा मुलगी जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून आपले घर शोधू शकेल. कवळ्याच्या अग्रशाळेत भेटलेल्या त्या दोन कुटुंबांची पाने मात्र आमच्याकडे यापूर्वीच आली आहेत, आणि ती आम्ही एकमेकांशेजारी लावून ठेविली आहेत.